कुलवृत्तांतांतील स्थलांतराच्या कथा व दप्तरांचा पुरावा

महाराष्ट्रांत कुलवृत्तांत लिहिण्याची प्रथा आतां शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. एखाद्या आडनांवाचे चार उत्साही गृहस्थ एकत्र जमतात, कुलमंडळ स्थापितात, गांवोगांवच्या कुलबंधूंस पत्रकें पाठवितात, आलेली माहिती शाखावार लावितात, आणि आरंभीं गोत्र, प्रवर, कुलस्वामी व मूळ गांव यांचें प्रकरण घालून जाडजूड पुस्तक सिद्ध करितात. या उद्योगाविषयीं आम्हांस आदर आहे. अलीकडील तीन-चार पिढ्यांची त्यांतील माहिती बहुधा विश्वसनीय असते, व ती दुसऱ्या कोठें मिळावयाची नाहीं. परंतु या पुस्तकांचा पूर्वभाग, म्हणजे घराणें मूळचें कोठलें, तें घाटावर केव्हां व कां आलें हें सांगणारा भाग, वाचतांना इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार थांबावें लागतें. त्या भागाची परीक्षा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. कोणत्याही एका पुस्तकाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. दोष पद्धतीचा आहे, व तो थोड्याफार फरकानें सर्वत्र आढळतो.

कोंकणांतून घाटावर आलेल्या घराण्यांच्या वृत्तांतांत एक कथा हटकून येते. सिद्दीच्या जुलुमास कंटाळून मूळ पुरुष रातोरात बाहेर पडला, देवांचे टाक बरोबर घेतले, घाट चढला, आणि पेशव्यांच्या पदरीं राहिला. ही कथा मूळची श्रीवर्धनच्या भटांची आहे. बाळाजी विश्वनाथाच्या घराण्याकडे दंडाराजपुरी व श्रीवर्धन येथील देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशीं वितुष्ट आल्यामुळें त्यास देश सोडावा लागला, त्याच्या भावास सिद्दीनें समुद्रांत बुडविलें, वेळासचे भानू त्याच्या साह्यास आले, अशी परंपरा प्रसिद्ध आहे. तिच्यांत तथ्य किती व रंग किती हा प्रश्न निराळा. पण खुद्द भटांच्या बाबतींतही इतिहास कथेहून संथ चालतो. शाहूनें बाळाजीस पेशवेपद दिलें तें १७१३ सालीं. त्याच्या पुष्कळ आधींपासून तो घाटावर मुलकी कारभारांत वावरत होता. म्हणजे पळून आलेला तरुण एका रात्रींत पेशवा झाला नाहीं. हिशेब, वसुली व दरबार या कामांत उमेदवारीचीं वर्षें काढून त्यानें आपले पाय रोविले.

ही कथा भटांनीं सांगितली तर तिला कांहीं आधार तरी आहे. राजापूर-देवगडकडील घराण्यांनींही तीच सांगावी, आणि जेथें सिद्दीचा अंमल नव्हता तेथेंही सिद्दीसच आणून उभें करावें, याला काय म्हणावें? स्थलांतराचीं खरीं कारणें बहुधा याहून साधीं असतात. भातखाचरें थोडीं आणि वांटेकरी पुष्कळ. भावांत वांटणी झाली कीं धाकट्याच्या वांट्यास पोटापुरतेंही येत नाहीं. दुसऱ्या बाजूस पुण्यांत नवा दरबार उभा राहतो, त्याला लिहिणारे पाहिजेत, हिशेब ठेवणारे पाहिजेत, सावकार पाहिजेत. वैदिक श्रावणमासच्या दक्षणेसाठीं घाट चढतो व एखादा यजमान मिळाला कीं राहतो. पुढें मामाच्या मागून भाचा येतो, भाच्याच्या मागून त्याचा मेहुणा. हें सर्व शतकभर चालू होतें. यांत जुलूम नाहीं, रात्र नाहीं, टाकही नाहींत. म्हणून तें लिहावयास कोणास गोड वाटत नाहीं, एवढेंच.

दुसरा दोष नांवांचा आहे, आणि तो अधिक घातक आहे. जुन्या कागदांत मनुष्य स्वतःचें व बापाचें नांव बहुधा लिहितो; आडनांव येईलच असा भरंवसा नाहीं. त्यांत आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल. याचा परिणाम काय होतो तें ज्या घराण्याची वंशावळ निःसंशय ठाऊक आहे अशा पेशव्यांच्या घराण्यावरच ताडून पाहावें. थोरला बाजीराव कागदांत ‘बल्लाळ’ आहे आणि थोरला माधवरावही ‘बल्लाळ’च आहे, कारण दोघांच्याही बापाचें नांव बाळाजी. एकाचा बाप बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्याचा बाळाजी बाजीराव. समजा, हें घराणें अप्रसिद्ध असतें, व या दोघांचे बिनतारखेचे दोन कागद एका रुमालांत सांपडले असते, तर आमच्या वृत्तांतकारांनीं त्यांस सख्खे भाऊ ठरवून टाकिलें असतें. वस्तुतः ते आजोबा व नातू होत. भानूंकडेही हाच प्रकार आहे. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन. त्याचा बाप जनार्दन बल्लाळ. आणि आजा पुन्हा बाळाजीच. ज्या सामान्य कुळांत विसाजी, गणेश व महादेव हीं तीनच नांवें पांच पिढ्या फिरत राहिलीं, त्यांच्या वंशावळींत एखादी पिढी गळालेली किंवा दोनदां मोजलेली असणें किती सुलभ आहे, हें यावरून ध्यानीं यावें.

आडनांवाचें साम्य हा तर पुरावाच नव्हे. नानाचें उपनांव भानू. फडणिशी हा हुद्दा. तो हुद्दा मराठी राज्यांत शेंकडों ठिकाणीं होता, व जेथें जेथें तो वंशपरंपरा चालला तेथें तेथें फडणीस आडनांवाचें एक स्वतंत्र घराणें उत्पन्न झालें. चिटणीस, पोतनीस, कुलकर्णी, देशपांडे यांचीही हीच गत. गांवावरून पडलेल्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनांवांस लोक मूळ गांवाचा दाखला समजतात. पण गांवांत राहणाऱ्यास गांवाचें नांव सहसा कोणी लावीत नाहीं, तो गांव सोडून गेल्यावर दुसरे लोक तें त्यास लावितात. म्हणून असें आडनांव बहुधा शेवटच्या मुक्कामाचें असतें, पहिल्या ठिकाणाचें असेलच असें नाहीं.

कालगणनेंतही असाच घोंटाळा होतो. एक उदाहरण देतों. कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असा सन आहे, म्हणजे ११७१. वृत्तांतकार तो हिजरी समजून इंग्रजी सन १७५७-५८ काढतो. परंतु मराठी दप्तरांतील हा सुहूर सन. तो सौरमानाचा असून सूर्य मृगांत शिरतांना पालटतो, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. अर्थात् तो कागद १७७०-७१ चा ठरतो. श्रावणांतला असेल तर १७७० चा, चैत्रांतला असेल तर १७७१ चा. फरक तेरा वर्षांचा. पण त्या तेरा वर्षांत पानिपत आहे, व कागदांतील ‘श्रीमंत’ नानासाहेब नसून माधवराव आहेत. पानिपतावर पडलेला म्हणून कुळांत ज्याचें श्राद्ध होतें, तो पुरुष या चुकीपायीं पानिपतानंतरच्या सनदेंतही आढळूं लागतो, आणि मग दोन कागद जुळविण्यासाठीं त्याच नांवाचा दुसरा एक पुरुष कल्पावा लागतो. अशा कल्पित पुरुषांची संततीही पुढें वाढत जाते.

कागद खरा असला, वाचन शुद्ध असलें, तारीखही बरोबर बसली, तरी तो कोणीं, कोणापुढें व कशासाठीं लिहिला हें विचारल्यावांचून त्याचा उपयोग करूं नये. वतनाच्या वादांतील करीना ही पक्षकाराची जबानी आहे. आपला पूर्वज पहिला, आपली शाखा वडील, प्रतिपक्षाचा मूळ पुरुष उपरा, हें सांगण्यासाठींच ती लिहिलेली असते. महजराची किंमत तिच्याहून अधिक, कारण तेथें गोतानें दोन्ही बाजू ऐकलेल्या असतात. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीं इनामांची चौकशी मांडली, व १८५२ च्या कायद्यानें तिला धार आली. त्या वेळीं इनामदारांनीं दिलेल्या कैफियतींतील वंशावळी आज कुलवृत्तांतांचा मोठा आधार होऊन बसल्या आहेत. पण त्या वंशावळी इनाम राखण्यासाठीं दिलेल्या होत्या. मूळ सनदवाल्यापासून आपल्यापर्यंत अखंड धागा दाखविणें हा त्यांचा हेतु. दत्तकास औरसाप्रमाणें दाखविण्याचा, निपुत्रिक चुलत्याची शाखा गाळण्याचा मोह अशा वेळीं कोणास झाला नसेल? त्या खोट्याच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांस स्वतंत्र कागदाचा दुजोरा पाहिजे, आणि तो जेथें मिळत नाहीं तेथें वृत्तांतकारानें रेघ तुटक काढावी. मधली जागा मोकळी सोडण्यास लाजण्याचें कारण नाहीं.

हा विचार केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाहीं. २०२३ सालीं मराठवाड्यांतील मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, व तेव्हांपासून महसुली कागद, शाळांचीं जुनीं रजिस्टरें आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांवर कधीं नव्हे ती गर्दी झाली. मोडी वाचणाऱ्यास एकाएकीं मागणी आली. त्या राजकीय प्रश्नांत आम्हीं शिरत नाहीं. नोंद सांपडणें व ती नोंद आपल्याच पूर्वजाची आहे हें सिद्ध करणें, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, इतकेंच येथें प्रस्तुत. पहिलीस नजर पुरते. दुसरीस आजपासून मागें एकेक दुवा जोडीत जावें लागतें, आणि ज्याचा बाप-आजा भूमिहीन होता, शाळेंतही गेला नाहीं, त्याचा दुवा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसच तुटतो. ज्याच्याजवळ वतन होतें त्याच्याजवळ कागद आहेत. दप्तर हें मुळांतच असमान आहे.

स्थलांतराचा निर्मळ पुरावा आमच्या मतें तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी येथील वह्यांत यात्रेकरूनें आपलें, बापाचें, आज्याचें नांव, मूळ गांव व हल्लीं वस्ती कोठें हें लिहून द्यावयाचें असतें. तेथें त्यास काहीं जिंकावयाचें नसतें. खोटें बोलण्याचा लाभ नाहीं. एका पिढीची सही कोंकणांतील गांवची व पुढच्या पिढीची वाईची अशी ओळीनें मिळाली, तर घराणें कोणत्या वीस-पंचवीस वर्षांत घाट चढलें हें कथेवांचूनच ठरतें. शिवाय तीर्थश्राद्धांत मातृत्रयीचा व मातामहांचा उच्चार असल्यामुळें आई, आजी, आईचें माहेर यांचीं नांवें या वह्यांत कधीं कधीं राहून जातात. छापील कुलवृत्तांतांत ती जागा बहुधा कोरी असते. पांचशें पुरुषांच्या पुस्तकांत स्त्रिया ‘भार्या’ म्हणून येतात, कित्येकदां नांवाविना. जिच्या हुंड्यावर किंवा माहेरच्या आधारावर घर उभें राहिलें तिचा पत्ता नाहीं, व अमुक पुरुष अमुक गांवींच कां स्थायिक झाला याचें कारणही तिच्याबरोबरच नाहींसें होतें. कारण पुष्कळदां तें गांव त्याची सासुरवाडी असतें.

ज्यांचा राजदरबाराशीं कधींच संबंध आला नाहीं अशा कोंकणी कुळांचें एक स्थलांतर मात्र चमत्कारिक तपशिलानें लिहून ठेविलेलें आहे, आणि तें घाटाकडे नसून समुद्रापलीकडे आहे. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांसाठीं मॉरिशस बेटावर हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ सालीं आरंभ झाला; पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें तेथें उतरलीं. कलकत्ता व मद्रास यांच्याप्रमाणें मुंबई बंदरांतूनही गलबतें गेलीं, व त्यांतून गेलेल्यांचे मराठी वंशज आजही त्या बेटावर आहेत. उतरणाऱ्या प्रत्येकास क्रमांक मिळे. क्रमांकापुढें नांव, बापाचें नांव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गांव, गलबताचें नांव व तारीख हीं लिहिलेलीं असत. १८६० नंतरच्या दशकांत त्यांत छायाचित्रेंही आलीं. हीं रजिस्टरें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. लिहिणाऱ्याचा हेतु उदात्त नव्हता. पळून गेलेला मजूर ओळखतां यावा, एवढाच तो होता. पण त्या हेतूपायीं रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या स्त्रीचें नांव, तिच्या बापाचें नांव, तिची उंची व तिच्या अंगावरचा व्रण इतकें आपणांस ठाऊक होतें. पुण्याच्या सरदार घराण्यांतील कितीएक स्त्रियांविषयीं एवढें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

या रजिस्टरांचा इकडील उपयोग फारच थोडा झाला आहे. मॉरिशसमधील वंशज क्रमांकाच्या आधारें बंदरापर्यंत येऊन पोंचतात, आणि तेथें अडतात. अडचण गांवाच्या नांवाची. कोंकणी उच्चार, लिहिणारा परका, अक्षर इंग्रजी. त्यामुळें एका वाडीचें नांव तीन ठिकाणीं तीन प्रकारें पडलेलें असतें, व कित्येकदां गांवाच्या जागीं परगण्याचें किंवा बाजारपेठेचेंच नांव दिलेलें असतें. हें काम दूर बेटावर बसून होणार नाहीं. येथें ज्यांस खेड-चिपळूणपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या गांवांचीं, मजऱ्यांचीं व वाड्यांचीं जुनीं नांवें ठाऊक आहेत त्यांनीं तीं तालुकावार, बोलण्यांतील उच्चारासह, लिहून काढिलीं पाहिजेत. अशी यादी, एका तालुक्यापुरती कां असेना, कोणी सिद्ध करून पाठविल्यास या त्रैमासिकांत तिला जागा मिळेल.