चिंतामणराव देशमुख : राजीनाम्याच्या अलीकडे आणि पलीकडे

मंडळी, चिंतामणराव देशमुखांवर व्याख्यान म्हटलं, की श्रोते राजीनाम्याची वाट बघत बसतात. म्हणून तो आम्ही आधीच सांगून टाकतो. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी जून १९५६ मध्ये केली. ती मंत्रिमंडळाला न विचारता केली, मुंबईतल्या गोळीबाराची चौकशीही नाकारली, असा आरोप करून अर्थमंत्री देशमुख जुलैत बाहेर पडले. महाराष्ट्राला भरून आलं.

आता बुलढाण्यातून पाहू. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं, आपला जिल्हा धरून. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. देशमुख हे कुलाब्याचे खासदार, मुंबईसाठी त्यांचा जीव तुटणं साहजिकच. पण १९३९ पर्यंत त्यांची सनदी नोकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली! त्यांच्या राजीनाम्याचे पोवाडे गाणारे वऱ्हाडाचं नाव सहसा घेत नाहीत, हे आम्हांला खटकतं.

आमच्या मते त्या राजीनाम्याचं मोल मुंबईत नाहीच. ते ‘विचारलंत का?’ या प्रश्नात आहे. पण मग हा प्रश्न खुद्द देशमुखांनाही विचारावा लागतो. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला तो वटहुकमाने, कमालीच्या गुप्ततेत. देशमुखांनीच रेडिओवरून सांगितलं, तेव्हा लोकांना कळलं. सहाच महिन्यांनी तेच गृहस्थ ‘विचारलं नाही’ म्हणून पद सोडतात. यात विसंगती आहे का? आम्ही यावर बराच विचार केला. आधी बोभाटा झाला असता तर कंपन्यांनी पैसा हलवला असता, म्हणून ती गुप्तता समजण्यासारखी. शिवाय पुढे तो कायदा संसदेसमोर आलाच. मुंबई काही रातोरात पळून जाणार नव्हती. तेव्हा भेद आहे, पण वाटतो तेवढा रुंद नाही.

इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात, १ जुलै १९५५ ला. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचं बंधन घालून. कापूस विकून सावकाराच्या दारात उभं राहणाऱ्या मुलखाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पद गेल्यावर माणसं कुरकुरत बसतात. हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्राध्यापकी करून पोट भरलेल्या आमच्यासारख्यांना हा उत्तरार्धच मोठा वाटतो. टाळ्या मात्र राजीनाम्यालाच.

एक पान तेवढं आम्हांला कळत नाही. १९६९ मध्ये ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. गिरी निवडून आले, हे तिसरे. ज्यांनी विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ते खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे उमेदवार! मत बदललं होतं, की नुसतं कोणीतरी विचारलं म्हणून ‘हो’ म्हणाले? तुमच्यापैकी कोणी अभ्यास केला असेल तर उठून सांगा, आम्ही खाली बसून ऐकतो.