‘उचल्या’तील पोलीस

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८७ साली पुस्तक निघाले, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला आणि आत्मकथनांच्या दालनात त्याची जागा ठरून गेली. त्यावरील लेखनात अनुभवाचे अनोखेपण, भाषेचा रांगडेपणा आणि लेखकाची जिद्द यांचे कौतुक असते. ते यथार्थच आहे. मात्र या पुस्तकात सतत वावरणारा जो पोलीस, त्याच्याकडे समीक्षेने क्वचितच थांबून पाहिले. दारिद्र्याच्या चित्रातील एक तपशील एवढेच स्थान त्याला मिळाले. आम्हांस ‘उचल्या’ हे प्राधान्याने एका संस्थेविषयीचे पुस्तक वाटते, आणि ती संस्था म्हणजे पोलीस ठाणे.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप आले. (१८७१ साली गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन होते. व्हर्जिनिया वुल्फचे ते सख्खे चुलते. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना हे नाते सहसा आठवत नाही.) जमातीच्या माणसाने नाव नोंदवावे, ठाण्यात हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, अशी ती व्यवस्था. सोलापूर, विजापूर, हुबळी येथे कुंपणाच्या आत वसाहती उभारण्यात आल्या. सीमाभागातील वृद्धांच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’ हा शब्द येतो तो तेथून. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवू लागल्या. पण मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केलाच.

‘उचल्या’तील बहुतेक घटना १९५२ नंतरच्या आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. कायदा गेला होता, ठाण्याची स्मृती गेली नव्हती. कोठे चोरी झाली की पोलीस थेट वस्तीवर येतात. झडती होते, मारहाण होते. चोरीच्या मालात त्यांचा वाटा असतो आणि तो चुकला तर पुन्हा मार. जमातीचा म्हणून कोणी कामावर ठेवत नाही आणि काम नाही म्हणून चोरी करावी लागते. मुलाला हात साफ करायला शिकवण्याबरोबरच मार खायलाही शिकवले जाते, पोलिसांनी झोडपले तरी त्याने साथीदारांची नावे सांगू नयेत म्हणून. लक्ष्मण शाळेत जाऊ लागला आणि वस्तीतील मुलांना हगवण-ओकारी लागली, तर दोष त्याच्या शाळेवर येतो. बाहेरच्या शिक्क्याने समाजाला आतून कसे आवळले हे सांगायला याहून वेगळ्या विवेचनाची गरज नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेरोम स्कोल्निक यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात एक उपयुक्त कल्पना मांडली. पोलिसाच्या मनात धोकादायक माणसाचे एक चित्र घडत जाते. पेहराव, हावभाव, बोलणे यांवरून तो माणूस ओळखू लागतो आणि प्रत्यक्षात काही घडण्यापूर्वीच सावध होतो. ही कल्पना ‘उचल्या’ला लावून पाहिली तर तिची मर्यादाही दिसते. तेथे चित्र निदान रस्त्यावरील अनोळखी माणसाचे आहे. येथे शिपायाला घर ठाऊक आहे, आजा ठाऊक आहे, नातवाचे नावही ठाऊक आहे. ओळखण्याचे कष्ट नोंदवहीने वाचवले आहेत. २०१९ साली कॉमन कॉज आणि लोकनीती यांनी २१ राज्यांतील सुमारे १२,००० पोलिसांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. मुसलमान स्वभावतःच हिंसेकडे झुकलेले असतात, असे थोड्याफार प्रमाणात मानणारे त्यात निम्मे निघाले. जन्मावरून स्वभाव ठरवण्याची ती १८७१ ची रीत जमात बदलून चालू आहे. पण सर्वेक्षणातून पोलिसाचे मत कळते. त्या मताच्या आधारे चालणारी देवघेव, तो वाटा, ती तडजोड कळण्यासाठी ‘उचल्या’च हाती घ्यावे लागते.

याच अहवालातून पुस्तकातील एक उणीवही लक्षात येते. गायकवाडांचा पोलीस जवळजवळ सर्वत्र समूह म्हणून येतो. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याचे अंतरंग शोधावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, परंतु चौदा चौदा तास राबणारा शिपाई (पोलिसांच्या कामाच्या दिवसाची ही सरासरी त्याच अहवालातली) वरिष्ठांना रोज एक आरोपी हवा असताना कोणाच्या दारी जाणार, हा प्रश्न पुस्तकाच्या कडेपर्यंत येऊन थांबतो. उत्तरार्धाबद्दलही आमची तक्रार आहे. सूतगिरणी आणि कामगार संघटना यांचा भाग कार्यवृत्तासारखा वाटतो. पूर्वार्धातील वाक्यांचा नेमकेपणा तेथे राहत नाही.

मीना राधाकृष्ण यांचे ‘डिसऑनर्ड बाय हिस्टरी’ (२००१) हे पुस्तक ‘उचल्या’च्या शेजारी ठेवून वाचावे असे आम्ही आग्रहाने सुचवतो. मद्रास इलाख्यातील कोरव जमात जनावरांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य नेऊन विकत असे. रेल्वे आली, सरकारचे मिठाचे धोरण आले आणि धंदा बुडाला. मग भटका तो गुन्हेगार ठरला. पुढे स्टुअर्टपुरम् येथे साल्व्हेशन आर्मीच्या देखरेखीखाली त्याच लोकांकडून तंबाखूच्या कारखान्यास मजूर मिळाले. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे गिरण्यांत का जात होती, हे तेथे उलगडू लागते. गायकवाडांनी आतून लिहिले आणि राधाकृष्ण यांनी दप्तरे चाळून लिहिले. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कोणतेही एक पुरे पडत नाही.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय परका नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत पुरुलियातील बुधन शबर पोलीस कोठडीत मरण पावला. त्यानंतर महाश्वेतादेवी वडोदऱ्यास व्याख्यानासाठी आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी, गणेश देवी यांनी व लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी मंच स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरात बुधनच्या नावाने नाट्यमंडळी उभी राहिली. मराठीत लिहिणारे दोघे या कामात अग्रभागी होते, तरी मराठी वाङ्मयेतिहासात याची नोंद तळटीपेइतकीही होत नाही. अलीकडे भोपाळमधील काही तरुण वकील-संशोधकांनी मध्य प्रदेशातील अबकारी कायद्याची अंमलबजावणी तपासली. मोहाची दारू गाळणाऱ्या कुचबंदिया समाजाच्या दारी ती कशी पोचते हे त्यांचे काम दाखवते. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचनालयांनी ते मागवून घ्यावे.

इंग्रजी अनुवादाचे नाव ‘द ब्रँडेड’, म्हणजे डाग दिलेला. अर्थ बरोबर आहे, पण ‘उचल्या’ हा शब्द माणसाच्या हाताच्या क्रियेवरून आलेला आहे आणि मराठी वाचक तो उच्चारतो तेव्हा आरोपात सामील होतो. मुखपृष्ठावरच वाचकाला असे पकडणे अनुवादाला साधलेले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारी तुरुंग नियमावलींतील कलमेही त्यात गेली, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश निघाला. निर्णयाच्या बातम्या मराठी पत्रांतून आल्या. त्या निमित्ताने ‘उचल्या’वर पुन्हा लिहिलेले आमच्या पाहण्यात आलेले नाही.