कोयना-वारणा परिसरातील खचदरीची संकल्पना : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात 6.3 रिश्टर क्षमतेचा भूकंप झाला आणि स्थिर मानल्या गेलेल्या दख्खनच्या पठाराविषयीचा समज ढासळला. त्याची कारणमीमांसा करताना जी मते पुढे आली, त्यांत खचदरीच्या मताला विशेष स्थान आहे. 1973 मध्ये कृष्णब्रह्मम व नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मापनांवरून बेसाल्टच्या थरांखाली कोयना व कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या दडलेल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखात या मताचे मूल्यमापन केले आहे.

विवेचन :
खचदरी म्हणजे केवळ भेग नव्हे. भूकवच दीर्घकाळ ताणले जाते, समोरासमोरच्या प्रस्तरभंगांमधील भाग पुनःपुन्हा खचतो आणि त्या खोलगट भागात गाळ साचत जातो. चंद्रपूर-गडचिरोलीकडील प्राणहिता-गोदावरी खोरे हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथील गोंडवन काळातील गाळखडक व दगडी कोळसा हा या खचण्याचाच पुरावा आहे.

या कसोटीवर कोयनेचा दावा कमकुवत ठरतो. गुरुत्वाकर्षण कमी असणे हे गाळाचे लक्षण असू शकते. तथापि सह्याद्रीखालील जाड भूकवच किंवा कमी घनतेचा ग्रॅनाइट यांमुळेही तसेच मापन मिळते. एका मापनातून एकच कारण निश्चित करणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. पुढे झालेल्या वेधनाने हा दोष उघड केला. रासाटी येथील विंधनविहिरीत सुमारे 930 मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटयुक्त पायाभूत खडक लागला; मध्ये गाळखडक आढळला नाही. परिसरातील अन्य खोल विहिरींनीही या चित्राला पुष्टी दिली.

प्रतिबलाचा पुरावाही विचारात घ्यावा लागतो. 1967 च्या भूकंपात खडक प्रामुख्याने आडवे सरकले, खचले नाहीत. भारतीय भूपट्टाचा उत्तरेकडील रेटा आणि हिमालयाचा विरोध यांतून निर्माण होणाऱ्या दाबाशी ही हालचाल सुसंगत आहे. दक्षिणेकडे वारणा परिसरात मात्र खचणाऱ्या प्रस्तरभंगांचे प्रमाण अधिक आहे. खचदरीचे समर्थक याचा आधार घेऊ शकतील. परंतु काही दशकांतील लहान-मध्यम भूकंप म्हणजे लक्षावधी वर्षांचा ताण नव्हे. उभे व आडवे प्रतिबल जवळपास सारखे असल्यास अल्प अंतरावरही हालचालीचा प्रकार बदलू शकतो.

जलाशयांची भूमिकाही येथेच स्पष्ट होते. पाणी नवा प्रस्तरभंग घडवत नाही. छिद्रांतील दाब वाढवून आधीच ताणाखाली असलेल्या भेगेची पकड सैल करते. 1962 नंतर कोयना आणि 1985 नंतर वारणा जलाशय भरू लागल्यावर वाढलेली भूकंपप्रवणता याच दिशेने निर्देश करते.

मर्यादा :
विंधनविहीर एका बिंदूचीच साक्ष देते, त्यामुळे पुराव्याला मर्यादा आहेत. तरीही सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावरच राहतो.

निष्कर्ष :
कोयना-वारणा हा जुन्या प्रस्तरभंगांचा, आजच्या प्रतिबलाखालील प्रदेश आहे. त्यास सिद्ध खचदरी म्हणणे योग्य नाही. मात्र खचदरी नाही म्हणून धोका नाही, असा अर्थ काढणे अधिक घातक ठरेल. 1967 मध्ये पाटण खोऱ्यातील घरे पाडण्यास आडवे सरकणेच पुरेसे ठरले होते. म्हणून अध्यापनात व भूकंपरोधक बांधकामाच्या नियोजनात आकर्षक संज्ञेपेक्षा प्रस्तरभंगांची दिशा, खोली व हालचाल यांना प्राधान्य देणे आवश्यक आहे.