देवयानी : अहंकार की प्रमाद?

वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीतील देवयानीविषयी लिहिताना मराठी समीक्षेने ‘अहंकारी’ हे विशेषण इतक्या सहजतेने वापरले आहे, की तो त्या व्यक्तिरेखेचा अर्थ नसून केवळ तिचे नामाभिधान आहे, याचाच विसर पडावा. देवयानी रूपगर्विता आहे, मानी आहे, सूडाने पेटणारी आहे, हे खरेच. परंतु कादंबरीत तिच्या हातून जी हानी होते, तिचा उलगडा या गर्वातून पुरेसा होत नाही. राजकन्येला दासी करून घेण्याची मागणी गर्वातून येते; पण त्या राजकन्येला आपल्याच संसारात नित्य वावरू देताना तिच्या आयुष्याचे आणि आपल्याही सहजीवनाचे काय होईल, हा प्रश्न देवयानीच्या मनाला शिवतही नाही. हे न शिवणे गर्वाहून वेगळे आहे.

या वेगळेपणासाठी नेमका शब्द शोधायचा, तर तो वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन किंवा कारंजा यांसारख्या स्थळांनी जपलेल्या जैन परंपरेत सापडतो : प्रमाद. जैन विचारात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद अनुस्यूत आहे. केवळ प्राणहानी म्हणजे हिंसा नव्हे. असावध, बेपर्वा वृत्तीने घडलेली प्राणहानी म्हणजे हिंसा. दुष्ट हेतू असलाच पाहिजे असे नाही. दुसऱ्याच्या अस्तित्वाचे भान नसणे पुरेसे आहे.

स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) मधील डेझी ही या प्रमादाची विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत विख्यात नायिका. मोटार ती चालवते, मर्टल मरते, दोष गॅट्सबीच्या माथी जातो आणि त्याचा खून होतो. डेझी नवऱ्यासह निघून जाते. तिला हे परवडते, कारण तिच्या पाठीशी पैसा आहे. देवयानीच्या पाठीशी पैशाऐवजी पित्याचे तपोबल आहे. व्यासांच्या आदिपर्वापासून एक गोष्ट लक्षात येते : देवयानी स्वतःच्या हाताने जवळजवळ काहीच करत नाही. कच मारला गेला की ती पित्याकडे जाते. विहिरीत ढकलली गेल्यावर पित्याकडे. पतीचे शर्मिष्ठेशी असलेले संबंध उघड झाल्यावर पुन्हा पित्याकडेच. किंमत प्रत्येक वेळी दुसरे कोणी चुकवते. कचासाठी तर शुक्राचार्यांना स्वतःचे पोट फाडून घ्यावे लागते. ज्याचे देणे सदैव दुसरा फेडतो, त्याला हिशेबाची सवय लागत नाही.

डेझी आपल्याला केवळ निक या निवेदकाच्या नजरेतून दिसते. खांडेकरांनी मात्र ययाति व शर्मिष्ठा यांच्याबरोबर देवयानीलाही प्रथमपुरुषी निवेदन दिले. हा निर्णय मोठा आहे. त्याचे फळ मात्र अर्धेच पदरात पडते. तिन्ही निवेदनांची भाषा एकाच उपमाप्रचुर वळणाची असल्याने देवयानीला आवाज मिळतो, पण तो तिचा स्वतःचा नसतो. कचाविषयीच्या तिच्या दुखऱ्या आठवणींत तो क्षणभर तिचा वाटतो. हस्तिनापुरात आल्यावर पुन्हा लेखकाचा होतो. प्रमादी मनाचे निवेदन कसे असेल, त्यात कोणत्या गोष्टी सांगायच्याच राहून जातील, ही निवेदनतंत्राची खरी कसोटी होती. खांडेकरांची देवयानी सगळेच सांगून टाकते.

याहून गंभीर प्रश्न ययातीचा आहे. प्रमादाची कसोटी देवयानीला लावायची, तर ती त्याला आधी लावावी लागेल. दासीकन्या अलकेला विषप्रयोगाने मरावे लागते, शर्मिष्ठेला पुरूसह हस्तिनापूर सोडावे लागते आणि अखेर पोटच्या मुलाचे तारुण्यही बाप मागून घेतो. खांडेकरांना हे ठाऊक होते. ययातीत त्यांना भोगामागे धावणारा आधुनिक माणूसच दिसत होता. तरीही पुष्कळ वाचक त्याच्या अतृप्तीचे खापर प्रेम न देणाऱ्या पत्नीवर फोडतात, कारण तसे करायला तो आपल्या निवेदनात त्यांना उद्युक्त करत राहतो. (निकने बेपर्वा ठरवले ते डेझी आणि टॉम या दोघांना, वाचकांच्या स्मरणात मुख्यतः डेझी राहिली.)

येथे यशोधराची कथा आठवावी. पुष्पदंताचे अपभ्रंश ‘जसहरचरिउ’ १९३१ साली प. ल. वैद्य यांनी संपादिले, ते कारंजा ग्रंथमालेत. त्यातील रूपवती राणी अमृतमती कुबड्या माहुतावर भाळते, पतीला आणि सासूला विष घालते. तिचा अपराध हेतुपूर्वक आहे, त्याला प्रमाद म्हणता येणार नाही. कथा पुनर्जन्मानंतर सांगितली जाते, आणि सांगणारा पूर्वजन्मीचा पतीच. तोही पुरुषनिवेदकच. पण तो पत्नीच्या व्यभिचारावर थांबत नाही. पिठाचा कोंबडा करून बळी दिला, त्या आपल्याच कृत्यापायी जन्मोजन्मी भोगलेले तो सांगतो. ययातीच्या आत्मकथनात पश्चात्ताप आहे, पण हिशेबाची ही काटेकोर वृत्ती नाही.

खांडेकरांच्या मूळ आधाराकडे परतले, तर आदिपर्वातील एक तपशील देवयानीच्या बाजूने बोलतो. जरेचा शाप तिच्याच तक्रारीवरून मिळतो आणि त्याचा पहिला आघात तिच्याच संसारावर होतो. शापातून सवलत मागताना ययाति शुक्राचार्यांना सांगतो, की देवयानीच्या सहवासात आपण अजून तृप्त झालेलो नाही. सवलत मिळते. देवयानीचे म्हणणे तेथे कोणी विचारत नाही.