वेषांतर कोणासाठी?

मुलांच्या संघात एकुलती एक मुलगी आणि संघाच्या कर्णधारावर जडलेले तिचे मन, या कल्पनेवर इंग्रजीत किशोरवयीन वाचकांसाठी कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. आपल्याकडे ही कल्पना आली ती पुस्तकांपेक्षा चित्रपटांच्या वाटेने. २००९ साली प्रदर्शित झालेला अनुराग सिंग दिग्दर्शित ‘दिल बोले हडिप्पा!’ हा तिचा ठळक नमुना. त्याची चिकित्सा करण्याइतका तो मोठा आहे काय, असे कोणी विचारील. चित्रपट मोठा नाही, पण त्यातील चूक मोठी आहे.

वीरा ही पंजाबातील मुलगी. क्रिकेटच्या वेडाने झपाटलेली. संघात मुलींना प्रवेश नाही, म्हणून दाढी-पगडी लावून ती ‘वीर’ होते आणि इंग्लंडहून आलेल्या रोहनच्या संघात शिरते. रोहन तिच्या स्त्रीरूपावर भाळतो आणि वीरला मात्र केवळ आपला खेळाडू समजतो. ही वीण ओळखीची आहे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील व्हायोला पुरुषवेष घेऊन ड्यूककडे चाकरीला राहते. २००६ च्या ‘शीज द मॅन’ या अमेरिकी चित्रपटाने तिच्या हाती फुटबॉल दिला आणि आपल्या वीराने बॅट घेतली.

परंतु या प्रवासात एक गोष्ट गळाली. जहाज फुटून परक्या देशात एकाकी पडलेल्या व्हायोलेला वेषांतर हे संरक्षण आहे. तेथे तिला अडविणारा कोणताही नियम नाही. वीरासमोर मात्र नियम आहे आणि नियमाची गाठ दाढी चिकटवून सुटत नसते. वेषांतर येताच मूळ प्रश्न बदलतो. ‘हिला खेळू का देत नाहीत?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हिने मला फसविले का?’ हा रोहनचा प्रश्न पुढे येतो. अन्याय सोसणारी मुलगीच क्षमा मागण्याच्या जागी येऊन उभी राहते. प्रेक्षकही तिच्या हक्काऐवजी प्रियकराच्या रागलोभात गुंततात. शेवटी सामना जिंकल्यावरच तिचे म्हणणे ऐकले जाते. ती शून्यावर बाद झाली असती तर?

माझी सारी नोकरी मध्यप्रदेश शासनाच्या कचेऱ्यांत, हिंदी टिपण्या लिहिण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, नियमाला आव्हान देणारा अर्ज आणि नियमाला चुकवून काढलेली वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. चुकविणाऱ्याचे काम होते आणि नियम जागच्या जागी राहतो.

मराठी घरातले याचे उत्तर १९७६ सालचे आहे. रोहिणी खाडिलकर तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. बुद्धिबळाच्या राष्ट्रीय पुरुष अजिंक्यपद स्पर्धेत त्या उतरल्या आणि गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनीही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. या कथेत दाढी नाही आणि कर्णधाराची मेहेरनजरही नाही. पटावर समोरासमोर बसलेले दोघे आणि चालते घड्याळ. हरलेला प्रतिस्पर्धी हात पुढे करताना काय विचार करीत असेल, या एका क्षणावर कादंबरी उभी राहू शकते. १९२९ च्या कार्ल्सबाड स्पर्धेत व्हेरा मेन्चिककडून जो हरेल त्याला ‘मेन्चिक क्लब’चे सदस्य करावे, अशी थट्टा आल्बर्ट बेकर यांनी केली. पहिले सदस्य तेच झाले!

मैदानी खेळात मात्र खरोखरच वेषांतर घडते, हे मान्य केले पाहिजे. रोहतकच्या शेफाली वर्माचे केस वडिलांनी कापले आणि आजारी भावाच्या जागी ती मुलांच्या स्पर्धेत खेळली. पण त्या हकिकतीत प्रेमिक नाही. पाठीशी बाप आहे आणि चेंडू अंगावर घेण्याची सवय आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले, तेव्हा तिला कोणाचेही नाव घेऊन खेळावे लागले नाही.

प्रणयाला माझा विरोध नाही. खेळ आणि प्रेम यांची गाठ घालायचीच असेल तर हमीदा बानूकडे पाहावे. १९५४ साली या महिला मल्लाने पुरुषांना आव्हान दिले होते की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. बडोद्यात बाबा पहिलवान जेमतेम दीड मिनिट टिकला. येथे स्वयंवराचा पण वधूने स्वतः मांडला आणि तो राखलाही स्वतःच्या बाहुबळावर. पुण्यात मात्र तिची पुरुष मल्लाशी ठरलेली कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. म्हणजे प्रणय, नियम आणि लोकापवाद हे तिन्ही धागे एकाच आयुष्यात तयार होते. आमच्या लेखकांना ते दिसले नाहीत.

‘चक दे! इंडिया’ (२००७) या बाबतीत अधिक शहाणा ठरला. त्यातील मुली पुरुष संघाशी खेळतात आणि हरतात, तरीही त्यांचा हक्क सिद्ध होतो. प्रीती सबरवाल शेवटी त्या क्रिकेटपटूला नकार देते. ‘हडिप्पा’ दोन वर्षांनी आला, पण हा धडा त्याने घेतला नाही.

मराठी किशोर वाङ्मयाने ताम्हनकरांची ‘चिंगी’ पाहिली, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाहिला. परंतु मुलांच्या संघात खेळणारी मुलगी तेथे माझ्या वाचनात आली नाही. आमच्या बोरगावच्या परिसरातील लेखकाला तर विषय दाराशीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार भरते. पात्रात पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा आणि दोन्ही काठांवर दगड घेतलेले पुरुष. पांढुर्ण्याच्या मुलाबरोबर निघालेल्या सावरगावच्या मुलीची कथा तिच्या मुळाशी सांगतात. दोन संघ आहेत, प्रेमकथा आहे. झेंडा कोणी तोडला याची चर्चा वर्षभर चालते. त्या मुलीला कोठे जायचे होते, हे मात्र त्या कथेच्या मी ऐकलेल्या एकाही पाठात कोणी तिला विचारीत नाही.