गरीब बाबांची वही

गेल्या गणेशोत्सवात जुन्या पुस्तकांच्या टेबलावर बसायची ड्यूटी माझ्याकडे आली होती. पार्किंग सांभाळण्यापेक्षा किंवा मोदकांच्या रांगेत "एकाला दोनच" म्हणत उभं राहण्यापेक्षा हे काम सुखाचं! लोकांनी आपापल्या बेसमेंटमधून खोकी आणली होती. पुलं आले, वपु आले, अमर चित्रकथा आल्या, आणि बाकीचं टेबल भरलं ते 'श्रीमंत कसे व्हाल, यशस्वी कसे व्हाल, पहाटे कसे उठाल' या एकाच घराण्यातल्या पुस्तकांनी. त्यात 'रिच डॅड पुअर डॅड'च्या सात प्रती निघाल्या. सातपैकी पाच प्रतींत पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या प्रकरणापाशी संपत होत्या. एकीत मुंबई-नेवार्क विमानाचा बोर्डिंग पास घातलेला होता. म्हणजे ते वाचन बहुधा युरोपवर कुठेतरी थांबलं असावं.

संपादक मंडळींनी मला तिथेच गाठलं. "तू ही पुस्तकं वाचतोस ना? मग स्मरणिकेसाठी यादी दे, कुठली दहा वाचावीत." मी वाचतो हे खरं. एम. एस. करायला १९९९ साली इथे आलो तेव्हापासून वाचतोय. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात तर क्लायंटच्या केबिनमधलं शेल्फ नजरेनं वाचता आलं की निम्मी मीटिंग झाल्यासारखीच असते. पण यादी करायला बसलो आणि अडलो. तेव्हा मंडळी, यादी राहू द्या, थोडं भांडण ऐका.

आधी वेळेच्या नियोजनाची पुस्तकं, कारण त्यांच्याशी माझं भांडण छोटं आहे. स्टीफन कव्ही यांचं 'द सेव्हन हॅबिट्स' (१९८९) आपल्याकडे लग्नात भेट दिलं जातं, म्हणून फारसं उघडलं जात नाही. त्यातला 'तातडीचं' आणि 'महत्त्वाचं' हा फरक मात्र आयुष्यभर पुरतो. डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन' (२००१) आम्हा आय.टी.वाल्यांना मनापासून आवडतं, कारण ते आयुष्याकडे सपोर्ट तिकिटांची रांग म्हणून बघतं. दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका, हा त्यातला नियम मी पाळतो. अडचण इतकीच, की आईला फोन करणं हे दोन मिनिटांचं काम नाही, त्यामुळे ते कायम यादीतच राहतं. जेम्स क्लिअर यांच्या 'ॲटॉमिक हॅबिट्स'मध्ये (२०१८) रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षात सदतीसपट होते असं गणित आहे. गणित बरोबर आहे, कॅल्क्युलेटरवर करून बघा. पण सदतीसपट काय? मी रोज एक टक्का जास्त पोहलो तर डिसेंबरात अटलांटिक ओलांडणार का? चक्रवाढ व्याज पैशाला लागतं, माणसाला लागत नाही. बाकी सवयी लावण्याच्या युक्त्या कामाच्या आहेत, त्या घ्या.

कंपन्यांच्या यशावरची पुस्तकं मी आता जपून वाचतो. जिम कॉलिन्स यांच्या 'गुड टू ग्रेट'मध्ये (२००१) निवडून घेतलेल्या अकरा 'महान' कंपन्या होत्या. त्यांतल्या सर्किट सिटीनं २००७ साली पगार जास्त झाला म्हणून सुमारे ३,४०० अनुभवी विक्रेत्यांना घरी पाठवलं, पुढच्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली आणि २००९ मध्ये दुकानांना कुलूप लावलं. फॅनी मे २००८ साली सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तकातला अभ्यास मेहनतीचा आहे, पण जिंकलेल्यांकडे मागे वळून बघत 'हे असे वागले म्हणून जिंकले' म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला तिकीट कोणत्या हातानं काढलंस असं विचारणं.

आता खरं भांडण, 'रिच डॅड पुअर डॅड'शी. रॉबर्ट कियोसाकी यांनी शॅरन लेक्टर यांच्यासह हे पुस्तक १९९७ साली स्वतःच छापून काढलं. गोष्ट अशी, की हवाईत वाढणाऱ्या लेखकाला दोन बाबा. सख्खे बाबा पीएच.डी., शिक्षण खात्यात मोठे अधिकारी, आणि महिनाअखेर खिसा रिकामा. दुसरे मित्राचे बाबा, आठवीही पूर्ण न केलेले, पण पुढे हवाईतले बडे श्रीमंत. पहिले म्हणतात शीक, नोकरी धर. दुसरे म्हणतात पैशाला कामाला लाव.

पुस्तकात चांगलं काही नाही असं मुळीच नाही. जी वस्तू तुमच्या खिशात पैसे घालते ती मालमत्ता, जी काढते ती देणं, ही व्याख्या कुठल्याही अकाउंटंटला पटणार नाही, पण तेवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ती लख्ख उजेड पाडते. नवीकोरी गाडी आणि चार बेडरूमचं घर म्हणजे प्रगती असं समजणाऱ्या आपल्या लोकांना हा चिमटा हवाच होता.

पण पुढे? कुठलं घर घ्यायचं, किती कर्ज काढायचं, भाडेकरू मिळाला नाही तर काय, याचा पत्ता नाही. श्रीमंत बाबा कोण, या प्रश्नावर लेखकानं २००३ साली एका मासिकाच्या मुलाखतीत, त्यांना हॅरी पॉटरसारखं दंतकथाच राहू द्या, अशा अर्थाचं उत्तर दिलं होतं. आणि त्यांच्या एका कंपनीनं २०१२ साली, कोर्टात हरलेल्या दाव्याचे सुमारे अडीच कोटी डॉलर देण्याची वेळ आल्यावर, दिवाळखोरीचा अर्ज केला. तो कायद्यानं दिलेला मार्ग आहे, त्यात गैर नाही. फक्त 'खिशात पैसे घालणारी वस्तू' ही व्याख्या तेव्हा मला पुन्हा आठवली.

हे सगळं मला आज सुचतंय. डिसेंबर २००५ मध्ये मी या पुस्तकाचा भक्त होतो. इतका, की इंडिया ट्रिपला जाऊन त्याचा मराठी अनुवाद विकत घेतला आणि बाबांच्या हातात ठेवला. आमचे बाबा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आपण त्यांना काय देतोय हे मला कळलं नव्हतं असं आता म्हणवत नाही. थोडं कळलं होतं. 'बघा, तुमचं कुठे चुकलं' असंच ते देणं होतं.

बाबांनी ते दोन दिवसांत वाचलं. वह्या तपासतात तसं, हातात पेन्सिल घेऊन. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "भाषा सोपी आहे. पण या श्रीमंत गृहस्थानं नऊ वर्षांच्या दोन पोरांना तासाला दहा सेंटवर राबवलं, मग तेही बंद करून फुकट राबवलं, आणि त्याला शिक्षण म्हणाला. आमच्याकडे असं कुणी केलं तर आम्ही त्याच्या घरी जाऊन पोराला शाळेत परत आणायचो."

मी हसलो. मनात म्हटलं, पुअर डॅड असंच बोलणार!

पुढच्या वर्षी मी परराज्यात एक काँडो घेतला. न बघता, भाड्यानं द्यायला, १ लाख ९० हजार डॉलरला. बायको नको म्हणत होती. २०११ साली तो १ लाख १५ हजारांना विकला आणि बँकेचा उरलेला हिशेब घरच्या बचतीतून मिटवला. दोष पुस्तकाचा नाही, मी ते धर्मग्रंथासारखं वाचलं हा माझा. पण धीट व्हा, एवढंच सांगणाऱ्या पुस्तकानं कधी थांबायचं तेही सांगायला हवं की नाही?

आता त्याच टेबलावरचं दुसरं पुस्तक, ज्याची एकच प्रत आली होती आणि ती कुणी नेली नाही. टॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांचं 'द मिलियनेअर नेक्स्ट डोअर' (१९९६). मुखपृष्ठ कंटाळवाणं, आत तक्तेच तक्ते. पण हे दोघं प्राध्यापक खरोखरच्या लक्षाधीशांना प्रश्नावल्या घेऊन भेटले. त्यांना काय दिसलं? साध्या वस्तीतली घरं, जुन्या गाड्या, वेल्डिंगची कंत्राटं घेणारे आणि घरातली वाळवी मारून देणारे लोक. त्यांतले सुमारे ऐंशी टक्के पहिल्या पिढीतले, म्हणजे वडिलोपार्जित काही नसलेले. घरात बजेट असलेले. मिळकतीपेक्षा कमी खर्च करणारे. वाचता वाचता मला सारखं वाटत होतं, की या माणसाला मी ओळखतो.

याही पुस्तकाशी माझं पटतं असं नाही. त्यातलं प्रसिद्ध सूत्र असं: वय गुणिले वार्षिक उत्पन्न, भागिले दहा, एवढी तुमची संपत्ती हवी. तिसाव्या वर्षी ८० हजार पगार असेल तर २ लाख ४० हजार! दोन सुटकेसी आणि शिक्षणाचं कर्ज घेऊन उतरलेल्या माणसाचं वय या सूत्रासाठी विमानतळापासून मोजायला हवं. नसीम तालेब यांनी 'फूल्ड बाय रँडमनेस'मध्ये (२००१) काढलेली खोडही रास्त आहे. काटकसर करूनही लक्षाधीश न झालेल्यांना भेटायला कुणी गेलंच नाही. आणि मोठ्या झालेल्या मुलांना पैसे पुरवू नका, ती पांगळी होतात, हे प्रकरण वाचून आपल्या आयांना झोप येणार नाही. माझं त्याच्याशी मुळीच जमत नाही. का, ते पुढे येईल.

पैसे गुंतवायचे कुठे, यासाठी जॉन बोगल यांचं 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' (२००७) घ्या. सामान्य माणसासाठी इंडेक्स फंड सुरू करणारे हे गृहस्थ (१९७६ साली) दोनशेहून जास्त पानं एकच गोष्ट सांगतात: सगळा बाजार स्वस्तात विकत घ्या आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला जमत नाही, म्हणून एवढी पानं. दहा हजार डॉलर सात टक्क्यांनी तीस वर्षांत ७६ हजारांवर जातात. फंडवाल्यानं दरवर्षी दोन टक्के कापले तर ४३ हजारच. एवढं एक गणित कळलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

पण यांतलं एकही पुस्तक तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेलं नाही, हे विसरू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सगळी सांगतात. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात, हे त्यांच्या गावीही नसतं. भारतातल्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर अमेरिकन सरकारला कळवावं लागतं. हौसेनं पुण्यात घेतलेल्या म्युच्युअल फंडावर इथे पी.एफ.आय.सी.च्या नियमांनी त्रासदायक कर लागतो, आणि फॉर्म ८६२१ भरणारा सी.ए. फंडाच्या नफ्याएवढी फी मागू शकतो. बहिणीच्या मुलाच्या ॲडमिशनसाठी पाठवलेले पैसे मालमत्ता की देणं? रात्री दोनला फोन आला तर तिकिटाचे पैसे कुठल्या रकान्यातून? नोकरदार अमेरिकन माणूस एक घर चालवतो. आपण दोन चालवतो, आणि दुसऱ्याचा हिशेब कुणी मागत नाही म्हणून ठेवत नाही.

बाबा ठेवायचे. ते २०१९ साली गेले तेव्हा त्यांच्या कपाटातून मी लाल कापडी बांधणीच्या सात वह्या इकडे आणल्या. किराणा, दूध, पोस्टाची रिकरिंग, बचतपत्रं, विम्याचा हप्ता. १९९९ च्या वहीत ऑगस्टच्या पानावर माझं तिकीट आणि पहिल्या सेमिस्टरचे पैसे आहेत. प्रॉव्हिडंट फंडातून काही, आणि बाकी शिक्षक सोसायटीचं कर्ज. मला वाटायचं, ते त्यांनी केव्हाच फेडलं असेल. मी विचारलंही होतं, "पैसे पाठवू का?" तर म्हणाले, "लागले की सांगतो." कर्जाचा शेवटचा हप्ता मार्च २००४ चा आहे. मार्च २००४ मध्ये मी इथे माझी पहिली नवीकोरी गाडी घेतली होती. फोटो त्यांना मेलनं पाठवला होता.

त्या वह्यांसोबत मराठी 'रिच डॅड'सुद्धा मिळालं. बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा शेवटच्या पानापर्यंत आहेत. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत, आणि मालमत्तेच्या व्याख्येपुढे बरोबरची खूण आहे.

माझ्या मुलीला या उन्हाळ्यात पहिली नोकरी लागली. तिनं विचारलं, "बाबा, मनीवर एक बुक सजेस्ट कर." मी तिला टेबलावर उरलेलं ते 'मिलियनेअर नेक्स्ट डोअर' दिलं, आणि आजोबांची १९९९ ची वही. पुस्तक तिनं बाजूला ठेवलं, वही उघडली. तिला मराठी अक्षरं लावून वाचता येतात, अर्थ सगळा लागत नाही. किराणा, दूध, विमा झालं. मग बोट एका ओळीवर थांबलं. दर महिन्याला आहे ती ओळ. कर्जाचे हप्ते चालू असतानाही आहे. कधी वाचनालय, कधी गणपती, कधी शाळेची सहल.

"बाबा, वर्गणी म्हणजे ॲसेट की लायबिलिटी?"