‘मॅक्स ३००’ आणि तिची स्पर्धा

चार बाण, दोन पाय आणि सेकंदाला पाच पावलं. ‘मॅक्स ३००’ या रचनेत याहून फारसं काही नाही. तरीही २००१ सालापासून नाचाच्या गेमवर जीव टाकणारी माणसं तिच्याकडे परत परत येतात. तिच्यातलं सौंदर्य नेमकं कुठे आहे, हे मला सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते चाहत्यांच्या मेळाव्यातल्या स्पर्धेत. ती स्पर्धा भरवणाऱ्या माणसाला ही रचना पावलापावलाने वाचावीच लागते.

‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा कोनामी कंपनीचा गेम १९९८ साली जपानमधल्या गेम पार्लरमध्ये आला. पडद्यावर बाण खालून वर सरकतात. वरच्या ठरलेल्या जागी बाण पोचला की त्याच दिशेची पायाखालची फळी दाबायची. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली, ‘डीडीआर मॅक्स’. ‘मॅक्स ३००’ त्यातली. संगीतकार नाओकी माएदा, पण श्रेय ‘ओमेगा’ या टोपणनावाने दिलेलं. या आवृत्तीतून गाण्याची काठिण्यपातळी दाखवणारे आकडे काढून टाकले होते, त्यामुळे समोर काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येत नसे. शिवाय हे गाणं सहजासहजी मिळत नव्हतं. शेवटच्या फेरीत अवघड पातळीवर उत्तम श्रेणी मिळवली, तरच ते उघडायचं. तेव्हा बाण उलटे, वरून खाली येत, आणि चुकीगणिक घटलेली जीवनपट्टी पुन्हा भरत नसे. रचनेचा दरारा तिच्या या प्रवेशातच आहे.

नावातलं ३०० म्हणजे मिनिटाला तीनशे ठोके. आता इथे संगीतकाराने काय साधलंय ते बघा. दीडशे ठोक्यांच्या गाण्यात दुगुन लावली तरी पायांना काम तेवढंच पडतं, सेकंदाला पाचच पावलं. मग तीनशेच का? कारण या गेममध्ये बाणांचा वेग गाण्याच्या वेगाला बांधलेला असतो. दीडशेच्या दुगुनीत बाण एकमेकांना खेटून येतात. तीनशेच्या ठायी तेच बाण सुटे होतात आणि दुप्पट वेगाने अंगावर येतात. कागदावर प्रत्येक मात्रेला एक पाऊल, अगदी पहिल्या धड्यातलं. डोळ्यांना दाटी दिसत नाही, कोडं दिसत नाही, फक्त वेग दिसतो. साधेपणातून एवढी दहशत निर्माण करणारी दुसरी रचना या गेममध्ये मला तरी माहीत नाही.

पावलांच्या या सरळ धारेत मधूनमधून अर्ध्या मात्रेवर एक जादा पाऊल येतं आणि चाल घोड्याच्या दुडकीसारखी होते. दोन्ही पाय आळीपाळीने पडत असताना तोल किंचित एका बाजूला झुकतो. इथे घाई करणारा पुढे निघून जातो आणि परत लयीत यायला त्याला चार-पाच पावलं लागतात.

आणि मग तो थांबा. भरधाव चाललेलं सगळं मध्येच एकदम थबकतं. पुढचे बाण पडद्यावर दिसत असतात, पण जागचे हलत नाहीत. काय करायचं ते खेळाडूला पक्कं ठाऊक असतं, पण कधी ते डोळे सांगू शकत नाहीत. ते कानाने आणि अंगातल्या लयीनेच ओळखायचं. साऱ्या रचनेतली ही सर्वांत बोलकी जागा आहे, असं मी म्हणेन. इतका वेळ वेगाने पेलून धरलेलं शरीर अचानक स्वतःच्या वजनासकट उभं राहतं, आणि पुन्हा सुरुवात करायची ती थेट तीनशेनेच.

ही जागा घरी एकट्याने खेळताना कळते. मेळाव्यात ती शंभर माणसांना एकदम कळते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या नॅशनल हार्बर इथे ‘मॅगफेस्ट’ हा संगीत आणि गेम यांचा मेळावा भरतो. नाणी न टाकता खेळायच्या आर्केड यंत्रांची गर्दी असते आणि रात्रभर जाग असते. अशा दालनात सामन्याचे दोन खेळाडू शेजारी-शेजारी खेळतात. त्यांची पाठ प्रेक्षकांकडे असते, आणि त्यांना दिसतात तेच बाण प्रेक्षकांनाही दिसतात. मैफलीत गायक पुढे काय घेणार हे श्रोत्याला आधी दिसत नाही. इथे थांबा येणार हे सगळ्यांना दिसतंय, सगळेच श्वास रोखून आहेत, पाय मात्र दोघांचेच. म्हणून यंत्राचं तोंड कुठे करायचं आणि मागे किती जागा सोडायची, हा आयोजकाचा निर्णय मला रंगमंचाच्या मांडणीइतका मोलाचा वाटतो.

त्याहून मोलाची आहे गुणपद्धत. प्रत्येक पावलाला ‘मार्व्हलस’, ‘परफेक्ट’, ‘ग्रेट’ असा शेरा मिळतो. मार्व्हलससाठी अचूक क्षणाच्या अलीकडे-पलीकडे सेकंदाचा साधारण साठावा भाग, एवढीच सूट. ‘मॅक्स ३००’च्या अवघड पातळीवर ५५५ पावलं आहेत. नेहमीच्या पद्धतीत पूर्ण गुण दहा लाख, म्हणजे पावलाला सुमारे १८०० गुण. परफेक्ट आला तर फक्त दहा गुण जातात, ग्रेट आला तर सातशेच्या वर. म्हणजे एक ग्रेट त्र्याहत्तर परफेक्टना भारी. ‘ईएक्स’ पद्धतीत मार्व्हलसला तीन, परफेक्टला दोन, ग्रेटला एक. इथे एक ग्रेट दोनच परफेक्टच्या बरोबरीचा. पहिली पद्धत निवडली तर दुडकीच्या जागी एकदा घसरलेला खेळाडू संपला. दुसरी निवडली तर लांबलचक सरळ धारेत कोण किती काटेकोर होतं, त्याला किंमत येते. गाणं तेच, पण त्यातलं काय ऐकायचं हे आयोजकाने ठरवलेलं असतं. मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. या रचनेचं मोठेपण तिच्या अखंड धारेत आहे, आणि ती धार मोजली गेलीच पाहिजे.

अर्थात फळ्या धड असतील तर. जुन्या यंत्रांत दाब नीट पोचावा म्हणून फळीच्या आधाराखाली चक्क नाणी ठेवतात. उजवी फळी थोडी जरी मंद असली, तरी सेकंदाला पाच पावलांच्या चालीत ते लगेच उघडं पडतं. म्हणून चांगला आयोजक सामन्यांआधी दोन्ही बाजूंवर स्वतः वेगवान गाणी खेळून बघतो. घरगुती यंत्र आणि सपाट टीव्ही वापरायचा असेल, तर चित्र उशिरा उमटतं तेवढा फरक जुळवून घेतो. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण त्याच्याशिवाय गुणांना काही अर्थ उरत नाही.

सामन्याची गाणी बहुधा चिठ्ठ्या काढल्यासारखी निघतात. समजा संगणकाने पाच सुचवली, तर दोघांनी एकेक बाद करायचं आणि उरलेली तीन खेळायची. अशा यादीत ‘मॅक्स ३००’ कुठे ठेवायची? २००८ पासूनच्या नव्या मापात तिची पातळी १५ आहे आणि आज १९ पातळीची गाणी आहेत. अंतिम फेरीतल्या खेळाडूंना ती दमवत नाही. मला ती मधल्या फेऱ्यांत हवी, जिथे दोघांनाही ती जेमतेम पेलते आणि थांब्यानंतरचं पहिलं पाऊल खरोखर अनिश्चित असतं.

पण त्यात एक पेच आहे. दोनदा हरल्यावरच बाद, या पद्धतीत ३२ खेळाडूंचे किमान ६२ सामने होतात. सामन्याला दहा मिनिटं धरली तर एका यंत्रावर दहा तासांहून जास्त. म्हणून आधी पात्रता फेरी घेऊन १६ जणच पुढे न्यावे लागतात, तेव्हा ३० सामन्यांत काम भागतं. तरीही एकदा हरून खालच्या गटात गेलेल्याला जास्त सामने खेळावे लागतात, तेही कमी विश्रांतीने. भरलेल्या पोटऱ्यांनी ‘मॅक्स ३००’ खेळणं म्हणजे तिच्या लयीशी नव्हे, नुसत्या थकव्याशी झुंजणं. म्हणून ती वरच्या गटाच्या यादीत असावी, खालच्या गटाच्या यादीतून काढावी, आणि हा नियम नावनोंदणीच्या टेबलावरच लिहून लावावा.